शिंगाला टांगलेला मोबाइल

आमच्या टोळीत अकरा कोयते होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे माणसं बावीस. त्या बावीस जणांत बारावी झालेला मी एकटा. कारखान्याची चिठ्ठी वाचायची, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते सांगायचं, ही कामं माझ्याकडं असत. कुणाच्या मोबाइलवर लांबलचक मजकूर आला की तो मोबाइल माझ्या तोंडापुढं धरून म्हणत, "बघ बे, काय म्हनतंय." मी वाचायचो आणि जे सांगायचो ते खरं धरलं जायचं. मला त्याची चटक लागली होती. कधी कधी निम्मं वाचून उरलेलं मी मनानंच सांगत असे, आणि तेही खपून जाई.

त्या सालात पाऊस बरा झाला होता, म्हणून दूर घाटाखाली न जाता तेलगावच्या बाजूला फडात उतरलो. आमचं गाव कडा गावाच्या पुढं, तिथून दिवसभराचा रस्ता. मुलगी सहावीत होती. तिची शाळा बुडू नये म्हणून तिला माझ्या आईजवळ ठेवलं आणि आम्ही दोघं, टायरगाडी आणि दोन बैल असे निघालो.

त्यातला उजव्या अंगाचा बैल बायकोच्या माहेरचा. मुलीच्या बारशाला सासऱ्यांनी गोऱ्हा आणून बांधला होता. पांढरा, काळ्या डोळ्यांचा. मुलगी आणि तो एका वयाचे. पोरगी चालायला शिकली ती त्याचं शेपूट धरून. बायको त्याला स्वतःच्या हातानं चारायची, आणि मी मारायला लागलो की मध्ये येऊन उभी राहायची. तो माझा बैल आहे असं मी लोकांना सांगत असे, पण हाक मारली तर तो तिच्याकडंच बघायचा.

माझा अभिमान त्याच्या शिंगांवर होता. अर्धचंद्रासारखी शिंगं, वर टोकाला आत वळलेली. दर पोळ्याला मी ती साळायचो. आधी धारदार विळ्यानं, मग काचेच्या तुकड्यानं घासून घासून, वरचा खरबरीतपणा जाऊन आतला गुलाबी रंग झळकेपर्यंत. बैल मान झाडायचा, मागं सरायचा. मी त्याच्या नाकाडावर बुक्की हाणायचो आणि दोर आखडून परत साळायला बसायचो. वर तेलरंगाचे दोन हात. पोळ्याला बैल वेशीत आला की लोक शिंगं बघायला थांबत. त्यापुढं बैलाचं दुखणं मला कधी दिसलं नाही.

आमच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, ओढ्याच्या खोलगट जागेत होत्या. तिथं मोबाइलला रेंज नसे. फडात ऊस तुटून गेला की उंच असं काही उरत नाही. बांधावर बैल बांधलेले असत, तेवढीच काय ती उंची. बायकोनं जुन्या झंपराची पिशवी शिवली, तिच्यात आपला साधा मोबाइल घातला आणि पिशवी त्या बैलाच्या उजव्या शिंगाला टांगली. तिथं रेंज यायची. दुपारी मधल्या सुट्टीत मुलगी आजीचा मोबाइल लावायची. घंटी वाजली की बायको कोयता टाकून पळायची. हात उसाच्या रसानं चिकट झालेले असत म्हणून ती मोबाइल कानाला न लावता स्पीकर चालू करायची, उजव्या हातानं तो शिंगापाशीच धरायची आणि बैलाच्या मानेवर गाल टेकवून बोलायची. पलीकडून मुलगी विचारायची, "त्यानं वाढं खाल्लं का?" वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. बैल कान ताठ करायचा. फडातल्या बाया हसायच्या. मीही हसलो असेन सुरुवातीला.

संक्रांतीनंतर बैल मान झाडायला लागला. डोक्यावर माशी बसल्यासारखा सारखा झाडायचा. मग डोकं एका बाजूला कलतं धरून चालायला लागला. एका सकाळी उजव्या नाकपुडीतून रक्ताचा धागा आला. बायकोनं पदरानं पुसलं आणि मला दाखवलं.

"दवाखान्यात न्यायचं का याला? शिंगात कायतरी हाय. हात लावू दीना झालाय."

दवाखाना दोन गावं सोडून होता. नेलं असतं तर एक दिवस गाडी उभी राहिली असती. मी म्हणालो, बघू. चार दिवस बघूच म्हणत गेलो.

त्याच आठवड्यात टोळीतल्या एकाच्या मोबाइलवर मजकूर आला. कुठून कुठून फिरत आलेला. उंदरांच्या पिंजऱ्याजवळ मोबाइल चालू ठेवले, त्यांच्या मेंदूत गाठी होत्या त्या झपाट्यानं वाढल्या, सरकार हे लपवतंय, पुढं दहा जणांना पाठवा. खाली उंदराचं चित्र. प्रयोग कुणी केला, कुठं केला, काही नव्हतं. मी तो मोठ्यानं वाचला. वाचता वाचता माझी नजर बांधावरच्या बैलाकडं गेली. उजव्या शिंगाला पिशवी लोंबत होती आणि डोकं उजवीकडंच कललेलं होतं.

मला वाटलं, सापडलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतक्या लोकांत हे फक्त माझ्या ध्यानात आलं होतं.

मी सगळ्यांना बैलापाशी नेलं आणि समजावून सांगितलं. एवढुशा उंदराच्या मेंदूत गाठ वाढते, तर ज्याच्या शिंगालाच दिवसभर मोबाइल टांगलाय त्याचं काय होत असेल. लोक माना हलवत होते. बायको कडेला उभी होती. ती एवढंच म्हणाली की शिंगाला तर दोरसुद्धा असतो. त्या मोसमात वेसणीनं बैलाचं नाक सुजलं होतं, म्हणून भरलेली गाडी वळवताना मी त्याच्या उजव्या शिंगाच्या बुडाला दोराचा आटा मारून ओढत असे. तिला तेच म्हणायचं होतं. मी तिला पुढं बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला वाचता येतंय का? मग गप बस."

पिशवी काढली, मोबाइल दगडावर ठेवला आणि कोयत्याच्या पाठीनं ठेचला. दुसऱ्या घावात तो फुटला, तरी मी आणखी तीन-चार घाव घातले. तिनं तुकडे वेचले नाहीत. तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी टोळीतल्या पुरुषांकडं पाहत होतो.

एकजण म्हणाला, "आता बैलाचं सिमकार्ड पन काढून बघ बे." सगळे हसले. मीही.

आणि मग नशिबानं माझी खोड मोडायच्या ऐवजी मला खरं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी कारखान्याची गाळपाची मिल बिघडली आणि चार दिवस गाड्या बंद राहिल्या. बैल बांधावर नुसते उभे होते. त्या चार दिवसांत त्याचं मान झाडणं निम्म्यावर आलं, नाकातलं रक्त थांबलं. मी टोळीला दाखवलं. मोबाइल गेला, बैल सुधारला, आणखी काय पुरावा पाहिजे. त्याच चार दिवसांत त्याच्या मानेवर जू नव्हतं आणि शिंगाला माझा दोर नव्हता, हे बारावी झालेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बसू दिलं नसेल. आज मला नक्की सांगता येत नाही, आणि मला वाटतं या दोहोंतलं दुसरंच खरं असावं.

पुरुषांनी आपापल्या बायकांचे मोबाइल काढून घेतले. बैलांना बाधतंय म्हणून. स्वतःचे मात्र खिशात ठेवले, माझाही माझ्या खिशातच होता. अकरा बाया, मागं कुणाचं तान्हं, कुणाची म्हातारी आई, आणि मोसम संपेपर्यंत कुणाचं बोलणं नाही. टोळीतला सगळ्यात वडीलधारा माणूस मला म्हणाला, "लई ब्येस केलंस. बायांचं कुचूकुचू तरी बंद झालं." त्या बायांनी मात्र राग माझ्यावर काढला नाही. त्यांनी माझ्या बायकोला वेगळं पाडलं. पाण्याला गेल्या तर हिला मागं ठेवायच्या. हिच्यामुळं आपलं तोंड बंद झालं म्हणायच्या. एकीनं तर आपला बैल आमच्या दावणीपासून सोडून लांब नेऊन बांधला.

तिनं एकदाच माझ्याकडं मोबाइल मागितला. पोरीशी दोन शब्द बोलते म्हणाली. मी दिला नाही. टोळीत काय तोंड दाखवू, असं म्हणालो. पोरगी आजीच्या मोबाइलवरून रोज आईचा नंबर लावत होती आणि तो बंद आहे असं फोनमधली एक बाई रोज तिला सांगत होती, हे मला पुढं आईकडून कळलं.

गाड्या सुरू झाल्या तसं बैलाचं दुखणं परत आलं, दुपटीनं. डोकं इतकं कललं की चालताना उजवा डोळा जमिनीकडं. शिंगाच्या बुडाशी घाण वास यायला लागला. बायको रोज म्हणायची, याला दवाखान्यात न्या. मी म्हणायचो, कारण काढून टाकलंय, आता हळूहळू बसेल, रोग काय एका दिवसात जातो का. मला दवाखान्यात जायचं नव्हतं. तिथं कुणी शिकलेला माणूस माझं म्हणणं खोडेल याची मला भीती होती. असे तीन आठवडे मी त्याला भरलेल्या गाडीला जुंपलं.

एके दिवशी दुपारी कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. आमच्या टोळीच्या बाकीच्या गाड्या पुढं रिकाम्या होऊन निघून गेल्या होत्या. माझा नंबर आला आणि बैल पुढं होईना. मागचे गाडीवान ओरडत होते. एकजण म्हणाला, "बैल वडतो का बायकोला आनू?" मी खाली उतरलो आणि चाबकाचा दांडा उलटा धरून त्याच्या डोक्यात हाणला. दांडा उजव्या शिंगावर बसला. शिंग बुडातून निखळलं आणि कातडीला लोंबायला लागलं. आतून रक्ताबरोबर फुलकोबीसारखं मांस बाहेर आलं आणि असा वास सुटला की मागचे गाडीवान नाक दाबून सरले. त्या मांसात किडे वळवळत होते. बैल हंबरला नाही. तो फक्त गुडघ्यांवर बसला.

कुणीतरी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते तासाभरात मोटारसायकलवर आले. तरुणच होते. त्यांनी हातमोजे घालून शिंगाच्या खळग्यात पाहिलं, कपाळावर बोटं दाबून पाहिली, डोळ्याची पापणी उचलली. किडे काढून जखम धुतली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"शिंगाचा कॅन्सर आहे," ते म्हणाले. "कपाळाच्या पोकळीतून आत गेलाय, मेंदूपर्यंत. मान झाडायला लागला तेव्हाच आणला असता तर शिंग बुडापासून काढून टाकलं असतं. पंधरा दिवसांत चरायला लागला असता."

मी त्यांना मोबाइलचं सांगितलं. सगळं सांगितलं, पिशवी, रेंज, उंदीर. ते ऐकून घेत होते आणि त्यांची नजर शिंगाच्या बुडाशी दोरानं पडलेल्या खाचेवर होती. शिंग कोण साळतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मीच. दोर कुणाचा, विचारलं. माझाच.

मग ते शांतपणे म्हणाले, "उंदरांवर असे प्रयोग होतात. कुठं थोडं काही दिसतं, कुठं काहीच दिसत नाही. करणाऱ्यांचंच अजून एकमत नाही, मग मी काय सांगू. पण मोबाइल नव्हते तेव्हाही बैलांना हा रोग होत होता. साळलेली शिंगं, रंग, जुवाला नाहीतर दोराला घासणारं बूड, यानं होतो असं आम्हाला शिकवलं. अगदी तुमच्याच बैलाला कशानं झाला, ते मी छातीठोक सांगणार नाही."

जाताना ते म्हणाले, वाचणार नाही, पण तुम्ही म्हणाल तर उद्या येऊन त्याला शांत करायचं इंजेक्शन देतो. मी नको म्हणालो. माहेरचा बैल औषध घालून मारला असं लोक म्हणतील, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला.

बैलाला मी पायीपायी कोपीपर्यंत नेलं. बायको वाटेतच भेटली, बातमी ऐकून धावत आली होती. मागं सगळी टोळी गोळा झाली. तिनं बैलाचं डोकं बघितलं आणि मला विचारलं, "डॉक्टर काय म्हन्ले?"

डॉक्टर जे म्हणाले ते ऐकणारा तिथं मी एकटाच होतो. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी मजकूर वाचायच्या वेळी बघायचे तसेच. मी म्हणालो, "मोबाइलनंच झालं म्हन्ले. उशिरा काढला म्हन्ले."

बैलाला मरायला तीन दिवस लागले. त्याला वाढं चावता येत नव्हतं. बायको उसाचे कवळे शेंडे बारीक तोडून त्याच्या तोंडात घालायची, तेही डाव्या हातानं. मी विचारलं, डाव्या हातानं कशाला चारतीस. ती म्हणाली, "उजव्यात फोन धरत हुते." पूर्वीसारखं तिनं त्याच्या मानेवर गाल टेकवला नाही. हातभर अंतर ठेवून बसायची. तो डोकं तिच्याकडं सरकवायचा आणि ती मागं सरकायची. हे मी कोपीच्या दारात बसून पाहत होतो, तीन दिवस. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं.

तो मेल्यावर ओढ्याच्या काठाला खड्डा करून पुरला. दुसऱ्या बैलाच्या जोडीला टोळी आणणाऱ्या मुकादमानं एक म्हातारा बैल दिला आणि आम्ही मोसम पुरा केला.

घरी आलो तेव्हा मुलगी दारातून आधी गाडीकडं पळाली. अनोळखी बैल बघून थबकली. त्यो कुठाय, असं तिनं आईला विचारलं. बायको म्हणाली, माझ्या फोननं मेला. मुलगी म्हणाली, "पन फोन तर मी लावायचे."

माझी आई, बायको, मी, तिघंही तिथं होतो. आई म्हणाली, असू दे, लेकरू हायस तू. मी बैल सोडले आणि गोठ्यात नेले.

त्यानंतर मी ऊसतोड सोडली. गावातल्या दूध संकलनावर फॅट तपासायचं काम मिळालं. मुलगी अभ्यासात चांगली निघाली. आता ती बीडला नर्सिंगला आहे, वसतिगृहात राहते. तिनं पहिल्याच वर्षी आईला मोबाइल घेऊन दिला. बायको तो घरात ठेवते, गोठ्याच्या बाजूला कधी नेत नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला की ती उठून परड्यातल्या बाभळीखाली जाते, गायीपासून पन्नास पावलं तरी लांब, आणि मोबाइल हातभर दूर धरून बोलते. बोलणं दोन मिनिटांचं. मुलगीही लांबवत नाही. बरं हाय का, बरं हाय, ठेवू का, ठेव. बायकोला रेंजसाठी बैलाच्या गळ्यात पडून लेकीशी बोलताना मी पाहिलेलं आहे, म्हणून मला ही दोन मिनिटं मोजता येतात.

इतकी वर्षं मी माझ्या मोबाइलवर ते उंदीर शोधत आलोय. मोबाइलनं जनावराच्या डोक्यातली गाठ वाढते का, असं मराठीत लिहून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहून. कुठं होय वाटावं असं सापडतं, कुठं नाही. होय सापडलं की माझ्या छातीवरचा दगड थोडा हलतो. एवढ्या कोत्या मनाचा माणूस झालोय मी. जगातल्या सगळ्यांच्या खिशात विष निघालं तरी चालेल, पण माझी काच आणि माझा दोर दोषातून सुटला पाहिजे, असं मला मनातून वाटतं.

गेल्या दिवाळीत मुलगी सुट्टीला आली होती. तिनं भाकरी खाता खाता मला विचारलं, "दादा, बैलाचं मोबाइलनं झालं म्हनून कोन्त्या डॉक्टरनं सांगितलं तुमाला?" मी म्हणालो, आठवत न्हाई. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण ज्या नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं, ती नजर घेऊन मला झोपता येईना. ती बीडला परत गेली त्या दिवशी सकाळी बायको शेण काढत होती, तिथंच मी तिला सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, शब्द न शब्द. शिंग, काच, रंग, दोर. इंजेक्शनचंही सांगितलं. मी रडलो. ती रडली नाही. पाटी भरली, उचलली, उकिरड्यावर टाकून आली. आल्यावर एवढंच म्हणाली, "शिंगं साळताना त्यो मान झाडायचा. तवा बी." आणि दुसरी पाटी भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायको मोबाइल घेऊन उठली आणि नेहमीसारखी बाभळीकडं निघाली. मी ओट्यावर होतो. म्हणालो, आता कशाला तिकडं जातीस, हितंच बस, गाय काय मरत न्हाई.

ती थांबली. घंटी वाजतच होती.

"तुमचं कोन्तं खरं धरू," ती म्हणाली, "तवाचं का आत्ताचं?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. बाभळीखाली जाऊन तिनं मोबाइल हातभर लांब धरला. बरं हाय का. बरं हाय. तिनं मुलीला काहीच सांगितलं नव्हतं, ते मीच सांगायचं आहे. दोन मिनिटांनी ती परत आली आणि गोठ्यात जायच्या आधी तिनं उजवा हात धुतला.